मान धरणारा

तालमीत वस्ताद म्हणायचा,
भुजगोंडा, मान कमव. बाकीचं अंग मागनं येतंय.
म्हणून मी लाल मातीत डोकं रोवायचो रोज,
कानामागची शीर अंगठ्याएवढी फुगेपर्यंत.
पुढं गुडघा गेला. कुस्ती गेली.
आता सीपीआरच्या गाडीवर असतो
आणि दुसऱ्यांच्या माना धरतो.

पकड तीच, काम उलटं.
तिथं मान फिरवायची असायची,
हितं फिरू द्यायची न्हाई.

त्या रात्री सांगाव फाट्यापुढं
उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना लाल पट्टी,
आणि तिच्यात घुसलेला बॅन्डवाल्यांचा टेम्पो.
वरात वाजवून परतत होते, अकरा माणसं.
डांबरावर ऊस आणि पितळ
आमच्या हेडलाइटमध्ये सारखंच चमकत होतं.
एक ढोल उतारावरनं एकटाच घरंगळत गेला,
बांधाला टेकून थांबला.

सगळीकडनं हाका. आई गं. पाय, माझा पाय.
मी हाकेकडं धावलो.
मुजावर मॅडमनी मागनं शर्ट धरला,
"ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे.
गप्प कोण आहे ते बघ."

गप्प तिघं होते.

एक ड्रायव्हर. त्यानं मान टाकलेली.
किती सहज बोलतो आपण,
रोपानं मान टाकली, बैलानं मान टाकली.
तळहातावर घेतल्यावर कळतं
ती टाकलेली असते म्हणजे काय.

दुसरं पोरगं, सुजल, झांजा वाजवणारं,
ओठावर नुकती लव.
मॅडमनी डोकं मागं झुकवलं न्हाई,
नुसता जबडा पुढं ओढला, गालाजवळ कान नेला.
मी पण श्वास धरून उभा.
काही आलं न्हाई.
"काळी पट्टी. पुढं चल."
मी बांधली. गाठ नीट बसली न्हाई.
सोडून परत बांधली.
तेवढाच उशीर केला मी त्या रात्री,
एका गाठीचा.

तिसरा ईश्वरा आवळे, क्लॅरिनेटवाला.
गळा सुजून जबड्याला भिडलेला,
कातडीखाली हवा शिरलेली;
बोट ठेवलं की भडंग दाबल्यासारखी करकरायची.
तोंडातनं नळी जाईना. रक्त, दात, परत रक्त.
कंठमणी जागेवर न्हवता.
मॅडम खाली उतरल्या, बोटानं कड्या चाचपत,
बॅन्डमास्तर मोबाईलची बॅटरी धरून थरथरतोय,
आणि मी ईश्वराच्या डोक्याशी पालथा,
दोन्ही कान माझ्या पंज्यात.
"हलला तर संपलं," एवढंच म्हणाल्या.
मान धर म्हणाल्या न्हाईत. ते ठरलेलंच.

पातं टेकलं. काळोखात काळंच आलं.
मग नळी बसली आणि एक आवाज झाला,
पत्ती न बसवता वाद्यात फुंकल्यासारखा,
खरखरीत, बेसूर.
बॅन्डमास्तर रडायला लागला.

कॉलर एकच होती, ती आधीच एकाला लावलेली.
आम्ही रस्त्यावरचे फेटे गोळा केले,
अबोली, जरीच्या काठाचे, भाड्यानं आणलेले,
गुंडाळून त्याच्या मानेच्या दोन्ही अंगाला लावले,
कपाळावरनं चिकटपट्टी.
तरी मी हात सोडले न्हाईत.
गोकुळ शिरगाव गेलं, उजळाईवाडी गेली,
बोटं बधिर झाली, नाकावर डास बसला,
बसू दिला.

श्रावणात आला तो, ओपीडीच्या जिन्याशी.
गळ्याला रुमाल. रुमालाखाली बोट ठेवून बोलतो,
एकेक शब्द फुंकून बाहेर काढतो.
माझ्यासाठी पावशेर भडंग आणलेलं.
मी पुडा हातात धरून उभा,
उघडायचं धाडस होईना.

मग त्यानं विचारलं,
"सुजल... माझा भाचा...
त्याची मान... कुणी धरली हुती का?"

जिन्यावर माणसं वर जात होती, खाली येत होती.
मी मान हलवली.
उभी हलवली का आडवी,
अजून मला आठवत न्हाई.